वर, तळ आणि चार वेळा मधलं: कॅल्क्युलेटर इंटिग्रेशन कसं करतो

आमच्याकडं परभणी भागात मातीकामाचा हिशेब ब्रासमध्ये होतो. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे साधारण २.८३ घनमीटर. माझ्या थोरल्या चुलत्यांनी, तात्यांनी, शेततळं खोदून घेतलं तेव्हा पोकलेन परत गेलं आणि ब्रासवरून बोलाचाली सुरू झाली.

तळं वर ३० मीटर बाय ३० मीटर, खोली ३ मीटर. बाजूंना एकास एक उतार, म्हणजे एक मीटर खाली गेलं की प्रत्येक बाजूनं एक मीटर आत. तळाशी राहिलं २४ बाय २४. गुत्तेदारानं वरचं क्षेत्रफळ घेतलं, खोलीनं गुणलं, २७०० घनमीटर. ९५३ ब्रास. तात्या म्हणाले, तळ लहान आहे की! वरचं ९०० आणि तळाचं ५७६, यांची सरासरी ७३८, गुणिले ३, झाले २२१४. म्हणजे ७८२ ब्रास. घरातलाच डिप्लोमाला असलेला पोरगा म्हणाला, मधोमध बाजू २७ मीटर येते, २७ गुणिले २७ म्हणजे ७२९, गुणिले ३, २१८७. ७७२ ब्रास.

रात्री तात्यांचा फोन आला. "अरे, तू पोरांना गणित शिकवतोस ना? मग सांग, यातलं खरं कोणतं?"

यातलं एकही नाही. खरं उत्तर २१९६ घनमीटर, सुमारे ७७५ ब्रास. गुत्तेदाराचा आकडा सोडून द्या, तो उताराचा विचारच करत नाही. पण तात्या आणि पोरगा दोघंही अक्कलहुशारीनं चालले होते, आणि दोघंही थोडे थोडे चुकले. ते कसे चुकले हे नीट पाहिलं, तर कॅल्क्युलेटरवर ती लांबट एससारखी इंटिग्रेशनची कळ दाबल्यावर आत काय चालतं ते बऱ्यापैकी उलगडतं. म्हणून तळ्याजवळच थोडा वेळ थांबू.

इंटिग्रेशनला मराठीत संकलन म्हणतात, आणि मला तो शब्द इंग्रजीपेक्षा बरा वाटतो, कारण त्यात काम काय करायचं ते सांगितलेलं आहे. गोळा करा. तळ्याचे आडवे पातळ थर कल्पा, पापडासारखे. प्रत्येक थराचं क्षेत्रफळ गुणिले त्याची जाडी, म्हणजे त्या थराची माती. सगळ्या थरांची बेरीज म्हणजे तळ्याची माती. थर जितके पातळ, तितकी बेरीज खऱ्याच्या जवळ. बारावीत निश्चित संकलनाची जी व्याख्या पाठ करतात, ती एवढीच आहे.

बारावीत पुढं एक सोय शिकवतात: सूत्र दिलेलं असेल तर उलट विकलन करा, दोन टोकांच्या किमती घाला, वजाबाकी करा, संपलं. सोय फार सुंदर आहे, पण ती सगळीकडं चालत नाही. एक तर शेतातल्या, नदीतल्या गोष्टींना सूत्रच नसतं, नुसते मोजलेले आकडे असतात. दुसरं, सूत्र असूनही काही वेळा उलट वाट सापडत नाही. संख्याशास्त्रात घंटेच्या आकाराचा वक्र येतो. त्याच्या मुळाशी ई या संख्येचा (सुमारे २.७१८) उणे क्ष-वर्ग हा घात असतो. इतकं आटोपशीर दिसणारं हे सूत्र, पण त्याचं संकलन आपल्या ओळखीच्या फलांमध्ये मांडताच येत नाही. मांडता येत नाही हे सिद्ध झालेलं आहे, त्यामुळं कुणाच्या हुशारीचा तिथं प्रश्न नाही. अशा ठिकाणी थर मोजून बेरीज करणं हाच मार्ग, आणि सगळा प्रश्न हा की कमीत कमी थर मोजून चांगला आकडा कसा काढायचा.

आता तात्यांच्या सरासरीकडं. तिला समलंब नियम म्हणतात. वरचं टोक आणि खालचं टोक घ्यायचं आणि मधे सगळं सरळ रेषेत बदलतं असं धरायचं. पण तळ्याचं क्षेत्रफळ सरळ रेषेत बदलत नाही. पहिल्या दीड मीटरमध्ये ते ९०० वरून ७२९ वर येतं, १७१ नं घटतं. पुढच्या दीड मीटरमध्ये ७२९ वरून ५७६, १५३ नं. आधी झपझप, मग सावकाश. आलेख काढला तर दोन खुंट्यांना बांधलेल्या चऱ्हाटासारखा मधे झोळ पडतो. तात्यांनी ते चऱ्हाट ताणून सरळ धरलं, म्हणून त्यांचा आकडा खऱ्याच्या वर गेला. किती वर? २२१४ वजा २१९६, म्हणजे १८.

पोरानं फक्त मधला थर पाहिला आणि सगळीकडं तेवढंच धरलं. हा मध्यबिंदू नियम. त्याचा आकडा खाली आला. किती? २१९६ वजा २१८७, म्हणजे ९.

इथं थांबून बघा. एक १८ नं जास्त, दुसरा ९ नं कमी. चूक उलट्या दिशेला आणि बरोबर निम्मी. हा या तळ्यापुरता योगायोग नाही. आलेखाचा झोळ साधा असेल, वर्गसमीकरणाच्या वक्रासारखा, तर समलंबाची चूक नेहमी मध्यबिंदूच्या चुकीच्या दुप्पट आणि उलट असते. मग दोघांच्या भांडणात न्याय करायचा तर पोराचं दोनदा धरा, तात्यांचं एकदा, आणि तीननं भागा. २१८७ दोनदा म्हणजे ४३७४, त्यात २२१४ मिळवले, ६५८८. भागिले ३, बरोबर २१९६. दोघांच्या चुका एकमेकींत जिरल्या.

हेच क्षेत्रफळांच्या भाषेत लिहिलं तर असं येतं: वरचं एकदा, मधलं चारदा, तळाचं एकदा, सगळ्याची बेरीज भागिले सहा, गुणिले खोली. ९०० अधिक २९१६ अधिक ५७६, झाले ४३९२. सहानं भागून ७३२. गुणिले ३, २१९६. याचं नाव सिम्पसनचा नियम. अठराव्या शतकातल्या थॉमस सिम्पसन या इंग्रज गणितज्ञाच्या नावानं तो जगभर शिकवला जातो. जर्मनीत याच नियमाला केप्लरचा पिंपाचा नियम म्हणतात. ग्रहांच्या कक्षा शोधणाऱ्या केप्लरनं १६१३ साली दुसरं लग्न केलं, तेव्हा दारूचा व्यापारी पिंपात तिरपी काठी घालून त्यातला माल मोजताना त्यानं पाहिला. ही कसली मोजणी, म्हणून तो इरेला पेटला आणि १६१५ मध्ये त्यानं पिंपांच्या घनफळावर ग्रंथच छापला.

पण त्याच्याही साडेचारशे वर्षं आधी भास्कराचार्यांच्या लीलावतीत, खणलेल्या खड्ड्यांच्या प्रकरणात, हा हिशेब आहे. साल ११५०. नियम असा: तोंडाचं क्षेत्रफळ घ्या, तळाचं क्षेत्रफळ घ्या, आणि तोंडाच्या व तळाच्या बाजू एकमेकींत मिळवून येणाऱ्या मोठ्या आयताचं क्षेत्रफळ घ्या. तिन्हींच्या बेरजेला सहानं भागा, खोलीनं गुणा. त्यांचं उदाहरण एका वापीचं आहे, म्हणजे आपल्या बारवेचं. तोंड १२ हात बाय १० हात, तळ त्याच्या निम्मा, खोली ७ हात. करून बघा: १२० अधिक ३० अधिक (१८ गुणिले १५, म्हणजे २७०), बेरीज ४२०, सहानं भागून ७०, सातपट ४९० घनहात.

यात "चारदा मधलं" कुठं आहे? बाजूंची बेरीज १८ आणि १५. मधल्या थराच्या बाजू याच्या निम्म्या, ९ आणि ७.५. बाजू दुप्पट घेतल्या की क्षेत्रफळ चौपट होतं. तेव्हा २७० म्हणजे मधल्या क्षेत्रफळाची चौपटच. भास्कराचार्यांनी हा नियम अशा उतरत्या खड्ड्यांसाठी दिला, कुठल्याही वक्रासाठी नाही, हे खरं. तरी चारठाण्याची, वालूरची बारव पाहिलेल्या माणसाला हे उदाहरण फार जवळचं वाटावं. मी वर्गात सिम्पसनचा नियम शिकवताना आधी या बारवेचं गणित घालतो. पोरं "१ : ४ : १" पुन्हा विसरत नाहीत.

तळं मोठं असेल, कड वेडीवाकडी असेल, तर एकाच घासात मोजून भागत नाही. मग खोलीचे सम संख्येचे भाग पाडायचे, प्रत्येक दोन भागांना हाच नियम लावायचा, आणि सगळं जोडायचं. जोडताना टोकं एकदा येतात, विषम क्रमांकाचे मधले चारदा, आणि दोन जोड्यांच्या सांध्यावरचे दोनदा. म्हणून १, ४, २, ४, २, ४, १ अशी ती लय. शेवटी भागाच्या जाडीनं गुणून तीननं भागायचं. भाग सम का हवेत, हे आता सांगायला नको.

ही लय दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवरही सहज वाजते. वरच्या घंटावाल्या सूत्राचं ० पासून १ पर्यंतचं संकलन घेऊ. चार भाग, प्रत्येकी पाव. पाच ठिकाणच्या किमती: ०ला १, पावाला ०.९३९४१३, अर्ध्याला ०.७७८८०१, पाऊणला ०.५६९७८३, १ला ०.३६७८७९. या पाच किमतींपुरतं सायंटिफिक कॅल्क्युलेटर लागेल. टेबल मोड असेल तर सूत्र एकदा टाकलं की सगळ्या किमती एकाखाली एक मिळतात. पुढं साध्यावर: मेमरी पुसा, १ दाबून एम प्लस, ४ गुणिले ०.९३९४१३ एम प्लस, २ गुणिले ०.७७८८०१ एम प्लस, ४ गुणिले ०.५६९७८३ एम प्लस, ०.३६७८७९ एम प्लस. एमआरसी दाबलं की ८.९६२२६५. त्याला पावानं गुणा, तीननं भागा: ०.७४६८५५. खरं उत्तर ०.७४६८२४. पाच ठिकाणी बघून चौथ्या दशांशापर्यंत बरोबर. एवढ्या कष्टात मला तरी हे फार वाटतं.

पण खरं उत्तर माहीत नसेल तेव्हा? आणि ते कधीच माहीत नसतं, नाहीतर आपण मोजायला बसलो नसतो. यावरचा उपाय मला या सगळ्या विषयातला सर्वांत कामाचा वाटतो. भाग दुप्पट करा आणि आकडा किती हलला ते पाहा.

समलंब नियमानं हेच संकलन केलं, तर एका भागाला ०.६८३९४०, दोन भागांना ०.७३१३७०, चार भागांना ०.७४२९८४ येतं. चूक अनुक्रमे ०.०६२९, ०.०१५५, ०.००३८. दरवेळी जवळजवळ चौथाई. भाग दुप्पट, चूक चौथाई, हा समलंबाचा स्वभाव. सिम्पसनमध्ये भाग दुप्पट केले की चूक सोळाव्या हिश्शावर येते. हा स्वभाव माहीत असला की खरं उत्तर न पाहताही चुकीचा अंदाज बांधता येतो. दोन भागांवरून चार भागांवर जाताना समलंबाचा आकडा ०.०११६१४ नं हलला. चूक आधी चार हिस्से होती, आता एक हिस्सा उरली, म्हणजे मधे तीन हिस्से गेले. तेव्हा उरलेली चूक हललेल्या आकड्याच्या तृतीयांश: ०.००३८७१. ती ०.७४२९८४ मध्ये मिळवा. किती आलं? ०.७४६८५५. सिम्पसनचंच उत्तर. समलंबाला स्वतःची चूक दाखवून दुरुस्त केलं की सिम्पसन मिळतो. सिम्पसनला तसंच दुरुस्त केलं (इथं हललेल्या आकड्याला पंधरानं भागायचं), तर ०.७४६८३ येतं, आणखी जवळ. ही शिडी चढत राहण्याची रीत वेर्नर रॉम्बर्ग यांनी १९५५ मध्ये मांडली, आणि इंटिग्रेशनची कळ असलेल्या पहिल्या हातातल्या कॅल्क्युलेटरच्या, म्हणजे १९७९ च्या ह्युलेट-पॅकार्ड ३४सीच्या पोटात तीच रीत होती.

आपल्याकडं इंजिनिअरिंगच्या पोरांच्या दप्तरात कॅसिओचं ९९१ असतं. त्यातल्या जुन्या एमएस मॉडेलमध्ये सिम्पसनचा नियम आहे. तुम्ही शेवटी जो आकडा टाकता, तितक्या वेळा एकाला दोननं गुणत गेल्यावर जेवढे होतील तेवढे भाग तो पाडतो. ४ टाकला तर १६ भाग, ५ टाकला तर ३२. म्हणजे वरचा उपाय बोटाच्या एका दाबावर: एकदा ४ टाकून पाहा, एकदा ५ टाकून पाहा, आणि दोन्ही उत्तरं कुठल्या दशांशापर्यंत जुळतात ते बघा. नंतरच्या ईएस मॉडेलमध्ये सिम्पसन नाही, तिथं गाउस आणि क्रॉनरॉड यांची पद्धत आहे. ती समजायला पुन्हा तळ्यावर यावं लागेल.

आतापर्यंत आपण ठिकाणं समान अंतरावर घेतली आणि कुणाला किती वेळा धरायचं एवढंच ठरवलं. कार्ल फ्रीडरिक गाउसनं १८१४ मध्ये विचारलं, ठिकाणंही मीच निवडली तर? तात्यांच्या तळ्यात त्यानं सांगितलेली दोनच ठिकाणं घ्या: मध्यापासून वर आणि खाली ८६.६ सेंटिमीटर, म्हणजे वरून ०.६३४ मीटर आणि २.३६६ मीटर खोलीवर. तिथं बाजू येते २८.७३२ मीटर आणि २५.२६८ मीटर. क्षेत्रफळं ८२५.५३ आणि ६३८.४७. सरासरी ७३२. गुणिले ३, २१९६! ना तोंड मोजलं, ना तळ, ना मधला थर. दोन ठिकाणं, साधी सरासरी, आणि उत्तर बरोबर. ८६.६ हा आकडा आला कुठून? निम्मी खोली भागिले तीनचं वर्गमूळ. १.५ भागिले १.७३२.

हे मी पहिल्यांदा हातानं करून पाहिलं तेव्हा पुन्हा एकदा बेरीज तपासली होती. घंटावाल्या सूत्रावर गाउसची तीन ठिकाणं घेतली तर ०.७४६८१५ येतं, म्हणजे तीन ठिकाणी पाहून सिम्पसनच्या पाच ठिकाणांपेक्षा कमी चूक. एक अडचण मात्र आहे. गाउसची ठिकाणं वाढवली की जुनी सहसा कामाची राहत नाहीत, सगळी नव्यानं मोजावी लागतात. मग उत्तर किती हललं हे तपासायचं तर सगळं काम दुप्पट. १९६० च्या दशकात अलेक्सांद्र क्रॉनरॉड या सोव्हिएत गणितज्ञानं यावर उपाय काढला: गाउसच्या जुन्या ठिकाणांच्या मधे नवी ठिकाणं अशी बसवायची की जुन्या किमतीही वापरता याव्यात. दोन उत्तरं एका खर्चात, आणि त्यांच्यातला फरक म्हणजे चुकीचा अंदाज. ईएस कॅल्क्युलेटर उत्तर द्यायला क्षणभर थांबतो, तेव्हा हेच चाललेलं असतं.

आता काळजीची गोष्ट. कळ फक्त तिनं पाहिलेल्या ठिकाणांबद्दल बोलते. मधे काय आहे ते तिला दिसत नाही.

समजा आठ तासांत दर तासाच्या बरोबर मध्यावर एक सर येते, आणि तासाच्या ठोक्याला आभाळ पूर्ण कोरडं. गणितात याचं सूत्र म्हणजे १८० अंश गुणिले क्ष या कोनाच्या साइनचा वर्ग, ० ते ८. समलंब लावा. एक भाग: दोन्ही टोकं शून्य, उत्तर शून्य. दोन भाग: शून्य. चार भाग: शून्य. आठ भाग: शून्य. चार वेळा तपासलं, आकडा तिळभर हलला नाही. वरच्या उपायाप्रमाणं उत्तर पक्कं. आणि खरं उत्तर आहे ४. सोळा भाग केले की एकदम ४ येतं. ३४सीचं हे गणित रचणारे विल्यम काहान यांना हा धोका पुरेपूर माहीत होता. म्हणून त्यांनी ठिकाणं मुद्दाम असमान अंतरावर घेतली, म्हणजे अशा ठोक्याच्या फलांशी गाठ पडली तरी सगळी ठिकाणं एकदम कोरड्यात पडू नयेत. तरीही मोजकी ठिकाणं पाहणारी कुठलीही कळ कुठल्यातरी फलावर फसणारच, हे त्यांनी १९८० मध्ये त्या कॅल्क्युलेटरवर लिहिलेल्या लेखात स्पष्ट मांडलं.

आपल्या भागात हे दुःख गणिताबाहेरही ओळखीचं आहे. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी, आणि तो मोजायचा महसूल मंडळात. यंत्र एका ठिकाणी, ढग दुसऱ्याच शिवारात. शेतकरी म्हणतो माझं सोयाबीन वाहून गेलं, यंत्र म्हणतं पाऊस झालाच नाही. दोघंही खरं सांगतात. मोजण्याची ठिकाणं कमी पडतात.

मोजलेल्या आकड्यांचं संकलन आपण रोज वाचतो, फक्त तसं नाव देत नाही. पावसाळ्यात पेपरात येतं, जायकवाडीचे दरवाजे उघडले, अमुक हजार क्युसेकनं विसर्ग. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, हा वेग झाला. धरणातून एकूण किती पाणी गेलं ते टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत. वेगापासून एकूणापर्यंत जाणं म्हणजे संकलन. एक लाख क्युसेक दिवसभर एकसारखं चाललं तर ८६,४०० सेकंदांत ८.६४ टीएमसी.

पण विसर्ग एकसारखा कुठं असतो? समजा दर चार तासांच्या नोंदी अशा आहेत, हजार क्युसेकमध्ये: १०, २८, ६४, ९०, ७२, ४०, १८. समलंबानं ४.४४ टीएमसी येतं, सिम्पसननं ४.४७. नोंदी दर आठ तासांच्याच असत्या, तर ९० चा कळसच निसटला असता आणि समलंबाचा आकडा ४.३२ वर आला असता. इथं मी समलंबाच्या बाजूनं आहे, आणि विद्यार्थ्यांना याचं नवल वाटतं. सिम्पसन धरून चालतो की दोन नोंदींच्या मधे आलेख मऊ वळण घेतो. नदीचा पूर साधारण तसा चढतो-उतरतो. पण धरणाचे दरवाजे अर्ध्या फुटानं, एक फुटानं उचलले जातात आणि विसर्ग पायऱ्या-पायऱ्यांनी उडी मारतो. उडीवर मऊ वळण बसवलं की सिम्पसन नसलेला फुगवटा मधे घालतो. दरवाजा कधी हलवला त्या वेळा हातात असतील तर तिथंच तुकडे पाडावेत आणि प्रत्येक तुकड्याला विसर्ग गुणिले वेळ करावं.

हाच सल्ला कॅल्क्युलेटरवरही. आलेखाला जिथं टोक, उडी किंवा मोड असेल तिथं संकलन तोडा, दोन तुकडे वेगळे करा, बेरीज करा. कधी टोक नसतं, पण आलेख सुरुवातीलाच भिंतीसारखा उभा चढतो. क्षच्या वर्गमुळाचं ० ते १ संकलन दोन तृतीयांश, ०.६६६७. सिम्पसन दोन भागांना ०.६३८१ देतो, चार भागांना ०.६५६५. रेंगाळतो. क्षच्या जागी टचा वर्ग ठेवा, म्हणजे आत दोन गुणिले टचा वर्ग येतो, आणि सिम्पसन दोनच भागांत नेमकं ०.६६६७ देतो. कागदावर एक ओळ लिहिली की कॅल्क्युलेटरचे शेकडो भाग वाचतात.

आणि कोनाचं माप! साइनचं ० ते पाय (π) संकलन २ यायला हवं. दरवर्षी कुणीतरी ०.०८६१ घेऊन येतं आणि कॅल्क्युलेटर बिघडला म्हणतं. कॅल्क्युलेटर अंशात असतो, पोरगं रेडियनमध्ये (त्या मापात १८० अंश म्हणजे पाय). त्यानं इमानानं ३.१४ अंशांपर्यंतचं संकलन दिलेलं असतं.

तात्यांच्या तळ्याला अस्तर टाकलेलं नव्हतं. तीन पावसाळ्यांनंतर, वैशाखात ते कोरडं पडलं, तेव्हा आम्ही पुन्हा मोजायला उतरलो. कड वर ढासळून तोंड रुंदावलं होतं, खाली गाळ बसून खोली २.८ मीटरवर आली होती. तात्या वर छत्री धरून बसले, पुतण्यानं टेपचं एक टोक धरलं, दुसरं मी. दर ७० सेंटिमीटरवर क्षेत्रफळ घेतलं: ९२४, ८१५, ७३०, ६५५, ५८०. फक्त वर, मध्य आणि तळ घेऊन १ : ४ : १ केलं तर २०६४.५ घनमीटर. पाचही घेऊन १, ४, २, ४, १ केलं तर २०६३.६. फरक एका घनमीटरच्याही आत. तेव्हा सूत्राकडून आता काही चूक उरली नव्हती. १३२ घनमीटर जागा गेली होती, सुमारे ४७ ब्रास, पाण्यात धरलं तर एक लाख बत्तीस हजार लिटर.

तात्यांनी विचारलं, "आणखी भाग पाडले तर आणखी बरोबर येईल का?" मी टेपकडं बोट दाखवलं. मधे झोळ पडून प्रत्येक बाजू दहा सेंटिमीटरनं जरी चुकली असेल, तरी घनफळात पंधरा घनमीटरचा फरक पडतो. मग आम्ही भाग वाढवले नाहीत. पुतण्याला सांगितलं, टेप ताणून धर, आणि चारही बाजू पुन्हा एकदा घेतल्या.